‘रडू आलं’ की ‘ती रडली’? स्त्रीमनावर लघुप्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

एम.ए.ला ‘आजच्या मराठी कथा-कादंबरीतलं स्त्रीमन’ हा विषय घेतला, तेव्हा माझी पहिली ४० पानं नुसती फ्रॉइड आणि युंग या मानसशास्त्रज्ञांची होती. मार्गदर्शक बाईंनी ती चाळली आणि विचारलं, “यात बाई कुठंय गं?” फार लागलं ते. पण खरं होतं. नायिकांना मी मनोविकारांची नावं देत सुटले होते, त्यांचं बोलणं ऐकलंच नव्हतं.

मग बाईंनी एकच काम दिलं: फक्त क्रियापदं बघ. ‘तिला राग आला’ आणि ‘ती रागावली’ यांत केवढं अंतर आहे! पहिल्यात राग कुठून तरी येतो, बाई तो सोसते. दुसऱ्यात राग तिचा असतो. तसंच ‘रडू आलं’ आणि ‘रडली’, ‘नकोसं झालं’ आणि ‘नको म्हणाली’. वहीत दोन रकाने आखून मी पानापानावरची वाक्यं उतरवत गेले. नायिका कोणत्या प्रसंगानंतर एका रकान्यातून दुसऱ्यात जाते, ते दिसायला लागलं आणि माझं प्रकरण तिथं सुरू झालं. तुम्हीही सिद्धान्ताआधी हे करा, अगदी कळकळीनं सांगते.

कविता महाजनांची ‘ब्र’ (२००५) ही कादंबरी यासाठी जरूर घ्या. तिची नायिका प्रफुल्ला स्वतःच्या तोंडून सांगते, आणि मराठीत ‘मी गेले’, ‘मी म्हणाले’ म्हटलं की बाईपण क्रियापदातच उमटतं. आदिवासी सरपंच बायकांना भेटत जाताना तिचं स्वतःचं गप्प राहणंही उलगडतं. ब्र न काढणं म्हणजे काय, हे शीर्षकापासूनच मनात ठेवून वाचा.

पुस्तकं मात्र कमी निवडा. मी ११ लेखिका घेतल्या होत्या, शेवटी तीन राहिल्या.

आणि ‘आजची लेखिका धीट आहे’ असं लिहिण्याआधी ‘कळ्यांचे निःश्वास’ वाचा. १९३३चं पुस्तक. प्रौढ, शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं लिहायला मालतीबाई बेडेकरांना विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घ्यावं लागलं होतं. गौरी देशपांडे वाचताना आणखी एक मोह होतो, नायिकेला ‘मुक्त’ म्हणून मोकळं होण्याचा. माझ्या मसुद्यात तो शब्द पानोपानी होता. सगळीकडे खोडला, तेव्हा तिचा एकटेपणा दिसला.

पुरुष लेखकांच्या नायिका वेळेअभावी राहून गेल्या. आता वहीत त्यांच्यासाठी नवी पानं आखली आहेत, रकाने तेच दोन.