वाटीचं माप ग्रॅममध्ये कसं काढायचं?

दिवाळीच्या भाजणीचं प्रमाण घरोघरी वाट्यांत सांगितलं जातं: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी पोहे. वाण्याकडे मात्र सामान किलोवर मिळतं. शिवाय सांगणाऱ्या काकूंची वाटी आणि आपली वाटी एकाच मापाची असेलच असं नाही. म्हणून एकदा बसून आपल्या स्वयंपाकघरापुरता तक्ता करून ठेवावा. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा डिजिटल काटा त्यासाठी पुरतो.

आधी वाटीचं माप काढा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. एक मिलिलिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम, त्यामुळे काटा १५० दाखवत असेल तर वाटी १५० मिलिलिटरची. हीच वाटी कायम मापाला ठेवा.

आता तीच वाटी कोरडी पुसून एकेक जिन्नस भरा, शीग सुरीच्या पाठीने सपाट करा, वजन लिहा. १५० मिलिलिटरच्या वाटीत साखर साधारण १२५ ग्रॅम बसते, तांदूळही तेवढेच, बारीक रवा शंभराच्या आसपास, मैदा ७५ ते ८०, पातळ केलेलं तूप १३५. तेल-तूप पाण्याहून हलकं असतं. एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅमच्या आसपासचा आकडा छापलेला दिसेल. म्हणजे शंकरपाळ्यांसाठी एक वाटी तूप आणि एक वाटी साखर घेतली तरी दोन्हींचं वजन सारखं भरत नाही. पिठीसाखर तर अख्ख्या साखरेच्या मानाने फारच हलकी, तिची नोंद वेगळी हवी.

खरी गडबड पिठांची. डब्यात वाटी खुपसून दाबून भरलेला मैदा आणि चमच्याने अलगद घातलेला मैदा यांत वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. कणीक आणि बेसन यांचंही तसंच. पीठ आधी चमच्याने मोकळं करा, अलगद भरा, वाटी आपटू नका. तीनदा मोजून सरासरी घ्या. आणि ज्यांची कृती असेल त्यांना विचारा, ‘मावशी, वाटी सपाट की शिगोशीग?’ शिगेने पुष्कळ फरक पडतो.

पुढचं गणित सोपं. चार वाट्या तांदूळ म्हणजे ५०० ग्रॅम. हरभरा डाळीची वाटीही साधारण तांदळाच्याच वजनाची भरते, तेव्हा दोन वाट्यांना पाव किलो. पोह्यांना मात्र हा हिशेब लावू नका. पोहे इतके हलके की त्यांची वाटी तांदळाच्या निम्म्या वजनाचीही भरत नाही. तांदळाच्या मापाने अर्ध्या वाटीला साठ ग्रॅम पोहे घेतले तर ते दुपटीहून जास्त होतात आणि भाजणीचा तोल जातो. धण्यांचंही तसंच, ते वेगळे तोला.

परदेशी कृतीत ‘कप’ असेल तर ती कुठली आहे ते बघा. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटर, पण ऑस्ट्रेलियात २०. तुमची वाटी १५०ची असेल तर अमेरिकन कपासाठी वाटीच्या वजनाला १.६ने गुणा: मैदा ७५ × १.६, म्हणजे १२० ग्रॅम.

हिंग, सोडा, हळद यांच्या वाटेला जाऊ नका. एक-दोन ग्रॅमला घरचा काटा भरवशाचा नसतो, तिथे ५ मिलिलिटरचा सपाट चमचाच बरा. फारच अडलं तर दहा चमचे एकत्र तोलून दहाने भागा. तक्ता तयार झाला की वर वाटीचं माप लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. वाटी बदलली तर तो नव्याने करावा लागेल.