बेळगावच्या मराठी नटाने कन्नड मालिकेसाठी करावयाची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी घरात वाढलेल्या नटाला कानडी बाजारापुरती येतेच. बेंगळुरूत चित्रित होणाऱ्या मालिकांना मात्र ती पुरत नाही. तेथील बहुतेक मालिकांची भाषा म्हैसूर-बेंगळुरूकडची असते, आणि आपल्या कानावरची धारवाडी बोली पडद्यावर अनेकदा विनोदी किंवा खेडवळ पात्रालाच दिली जाते. (मुंबईत हाच नट मराठी बोलू लागला की त्याचा हेल कानडी ठरतो, ते वेगळेच.) म्हणून ऑडिशनचा व्हिडिओ पाठवण्याआधी उच्चारांवर मेहनत घ्यावी.

सर्वांत आधी ए आणि ओ हे स्वर पक्के करावेत. कन्नडमध्ये दोन्हींची ऱ्हस्व व दीर्घ अशी वेगळी रूपे आहेत आणि देवनागरीत उतरवून घेतलेल्या संवादात हा भेद नाहीसा होतो. ‘कोडु’मधला ओ ऱ्हस्व असेल तर अर्थ ‘दे’, दीर्घ असेल तर ‘शिंग’. त्यामुळे संवाद कन्नड लिपीतूनच वाचावेत आणि सवय होईपर्यंत दीर्घ स्वरांखाली पेन्सिलीने रेघ मारावी. ‘चांगला’, ‘जावई’ यांतले आपले च आणि ज प्रमाण कन्नडमध्ये चालत नाहीत. ळ मात्र आपल्याला शिकावा लागत नाही.

उच्चार कच्चे राहिले तर निर्माते दुसऱ्याकडून डबिंग करून घेतात. सुरुवातीला हे सोयीचे वाटते, पण आवाज दुसऱ्याचा असलेल्या नटाला पुढची भूमिका निव्वळ चेहऱ्यावर मिळवावी लागते. म्हणून डबिंग स्वतः करण्याची अट पहिल्याच बोलणीत मांडावी. भूमिका मराठी शेजाऱ्याची आली तर जरूर घ्यावी, मात्र पुढे पाठवायच्या शोरीलमध्ये (आपल्या कामाच्या निवडक प्रसंगांच्या व्हिडिओत) प्रमाण कन्नडमधला एक प्रसंग आवर्जून ठेवावा.

१ नोव्हेंबरला सेटवर राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन, असतो आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा, हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा, काळा दिन. आपले मत कोणी सोडावे असे नाही, परंतु सेटवरच्या वादात ओढले जाण्यापेक्षा त्या दिवसाची सुट्टी आधीच मागून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मानधन सहसा चित्रीकरणाच्या दिवसांवर ठरते आणि हाती पडायला काही महिने लागू शकतात. बेळगाव-बेंगळुरू हा सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास, तेथील मुक्काम आणि रद्द झालेल्या दिवसाचे पैसे कोण देणार, हे राणी चन्नम्मा एक्सप्रेसचे तिकीट काढण्यापूर्वी लेखी घ्यावे.