रविवारच्या उपासनेची तयारी शनिवारी संध्याकाळीच करा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या ख्रिस्ती घरांत रविवारची उपासना बिघडते ती बहुधा घरातून निघतानाच. इस्त्री सापडत नाही, धाकट्याच्या चपला सापडत नाहीत, आरडाओरडा होतो आणि चर्चमध्ये पोहोचेपर्यंत पहिले गीत संपलेले असते. म्हणून सुरुवात शनिवारी दिवेलागणीला करा.

आधी सामान. कपडे, पवित्र शास्त्र, गीतांचे पुस्तक एका जागी काढून ठेवा. जुलैत खानापूरकडे असाल तर छत्र्याही. अर्पणाचे पैसे रात्रीच बाजूला काढा. प्रत्येकाने आपल्या मिळकतीतून काही बाजूला ठेवत जावे, असे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिले होते (१ करिंथ १६:२). चर्चच्या दारात मुलाच्या हातात नोट कोंबू नका. खाऊच्या पैशांतून त्याला स्वतःला काढू द्या, पाच रुपये का असेनात.

मग वाचन. हे सगळ्यात महत्त्वाचे. उद्या चर्चमध्ये जे वाचले जाणार आहे, ते आज घरी मोठ्याने वाचा. कॅथलिक घरांना हे सोपे, कारण रविवारच्या मिस्सेची, म्हणजे त्यांच्या उपासनेची, वाचने तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात. इतरांनी पाळकसाहेबांना फोन करून विचारावे. त्यांना आनंदच होईल.

आपल्या सीमाभागातली खरी अडचण इथेच आहे. आजीची प्रार्थना मराठीत, मुलांची शाळा कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमाची. ‘तारण’, ‘कृपा’, ‘समेट’ हे शब्द मुलांच्या कानावरून जातात आणि मग ती बाकावर चुळबुळ करतात. त्यांना आपण उगाच बेशिस्त म्हणतो. वाचनातले असे दोनच शब्द निवडा आणि मुलाला ज्या भाषेत कळतात त्या भाषेत समजावून सांगा. देवनागरी अडखळत वाचत असेल तर उद्याच्या गीताचे एक कडवे तोंडपाठ करून घ्या. हे काम आजीवर सोपवा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ताची भजने आणि अभंग लिहिले. त्यांच्या चाली जुन्या माणसांच्या ओठांवर असतात. पाठ झालेले कडवे मूल चर्चमध्ये खणखणीत आवाजात म्हणते, हे करून पाहाच.

सकाळी नाश्ता लवकर उरका. कॅथलिकांना कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद घेण्याच्या, आधी एक तास उपास असतो, तो हिशेब ठेवा. शक्यतो पुढे बसा. मागच्या बाकावरून मुलांना फक्त पाठी दिसतात. फोन घरीच राहू दे. लहानगे उपदेशात झोपले तर चिमटे काढू नका. त्रोवस येथे खुद्द पौल बोलत असताना एक तरुण झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता (प्रेषितांची कृत्ये २०:९).

दुपारी जेवताना ‘आज काय शिकलास?’ असे विचारू नका, मूल गप्प बसते. ‘आज कुणाची गोष्ट होती? मग त्याने काय केले?’ असे विचारा. आणि पाळकांच्या किंवा फादरांच्या चुका ताटावर काढू नका. मुले उपदेश विसरतात, पण आपण केलेली टीका बरोबर लक्षात ठेवतात.

ज्यांची रविवारी ड्यूटी असते, त्या कॅथलिकांनी शनिवारी संध्याकाळची मिस्सा असेल तर ती गाठावी. इतरांनी संध्याकाळी घरीच तेच वाचन करून एकत्र प्रार्थना करावी. शेजारी कुणी आजारी किंवा म्हातारे माणूस चर्चला येऊ शकले नसेल, तर चार वाजता चहाच्या वेळी मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा आणि सकाळचे कडवे मुलांनाच म्हणायला सांगा.