नेपाळमधील मोतीबिंदू शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाताना

नेपाळच्या डोंगराळ भागात मोतीबिंदू शिबिरासाठी जायचे असल्यास स्वतंत्र मोहीम आखण्याऐवजी काठमांडूच्या तिलगंगा नेत्र संस्थेसारख्या, १९९४ पासून कार्यरत असलेल्या स्थानिक संस्थेशी आधी पत्रव्यवहार करावा. रुग्ण शोधणे आणि नंतरची तपासणी ही कामे तिथलेच लोक नीट करू शकतात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, परंतु शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते.

शल्यचिकित्सकाने ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडणाऱ्या फेको यंत्रावर विसंबून राहू नये. नेपाळी नेत्रतज्ज्ञ डॉ. संदुक रुईत यांनी रुजवलेल्या पद्धतीत लहान, टाके न लागणाऱ्या छेदातून पिकलेला मोतीबिंदू हाताने काढून कृत्रिम भिंग बसवतात. तिचा सराव मायदेशीच करून जावा, कारण गरीब रुग्णाचा डोळा ही शिकण्याची जागा नव्हे. घट्ट, पांढऱ्या मोतीबिंदूपुढे प्रकाशकिरणांवर चालणारे मापनयंत्र अनेकदा निरुपयोगी ठरते, म्हणून भिंगाचा नंबर काढण्यासाठी ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजणारे ए-स्कॅन यंत्र सोबत असावे. रक्तदाब, साखर आणि अश्रुमार्गातील संसर्ग तपासल्याशिवाय कोणालाही टेबलावर घेऊ नये.

वैद्यकीय शिक्षण नसलेल्यांनी नोंदणी करणे, वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या ‘E’ अक्षरांच्या (‘ई’) तक्त्यावर दृष्टी तपासणे आणि वृद्धांना हात धरून नेणे-आणणे ही कामे घ्यावीत. छायाचित्रे मात्र संमतीनेच, आणि खरे तर कमीच, काढावीत. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर थेंब कसे घालायचे, आणि डोळा दुखू लागल्यास कोणाकडे जायचे, हे नातेवाइकांना त्यांच्याच भाषेत समजावणारा माणूस आधीच ठरवून ठेवावा.