स्वस्तातल्या डिजिटल स्कोपचं फर्मवेअर बदलताय? आधी या चुका टाळा

डिजिटल स्कोप म्हणजे सिग्नलची रेघ स्क्रीनवर दाखवणारा ऑसिलोस्कोप, आणि फर्मवेअर म्हणजे त्याच्या आत भरलेलं सॉफ्टवेअर. ते बदलण्याबद्दल तेच तेच प्रश्न सारखे येतात. "नवीन फर्मवेअर टाकलं, आता स्क्रीन काळी आहे, काय करू?" मी पहिला प्रश्न विचारतो, बॅकअप कुठे आहे? बहुतेक वेळा उत्तर नसतं, आणि असलंच तर "नेटवर मिळेल ना कुणाचातरी" असं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

एकदाच वाचलेला डंप (चिपमधून काढलेली फाइल) म्हणजे बॅकअप नव्हे

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने स्कोप उघडला, आत आठ पायांची २५क्यू३२ जातीची फ्लॅश चिप (फर्मवेअर साठवणारी मेमरी) होती, त्यावर क्लिप लावली, सीएच३४१ए प्रोग्रॅमरने (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यूएसबी बोर्डाने) वाचली, फाइल आली ४१,९४,३०४ बाइट्सची म्हणजे बरोबर ४ एमबी (चिपवरचा ३२ हा मेगाबिटचा आकडा असतो), साइज जुळली म्हणून गडी खूश. नवीन फर्मवेअर टाकलं, दोन दिवस वापरलं, आवडलं नाही म्हणून जुनी फाइल परत लिहिली तर स्कोप लोगोवरच अडकला. मग माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, फाइल तर पूर्ण आहे."

फाइल पूर्ण होती पण खरी नव्हती. बोर्डावर बसलेल्या चिपला क्लिपमधून ३.३ व्होल्ट दिले की तो करंट फक्त चिपला जात नाही, सगळ्या बोर्डाला जातो, मेन प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि तोही त्याच लाइन्सवर फ्लॅश वाचायला लागतो. दोघं एकाच वेळी बोलायला लागले की मध्येच कुठेतरी बाइट्स बिघडतात. सुरुवातीचा भाग नीट असतो, मधे खराब, आणि नुसतं बघून काही कळत नाही. शेवटी त्याच बोर्ड रिव्हिजनचा दुसऱ्या कुणाचा तरी डंप मिळवून स्कोप चालू केला, पण कॅलिब्रेशनचा डेटा त्या दुसऱ्याच्या युनिटचा! प्रोब ग्राउंडला शॉर्ट केला तरी रेघ शून्यावर बसेना, सेल्फ कॅलिब्रेशनने ऑफसेट बराचसा सरळ झाला पण काही व्होल्ट रेंजवर रीडिंग आजही थोडं चुकतं. तो डेटा फॅक्टरीत त्या एका युनिटवर मोजून भरलेला असतो, तो गेला की गेला.

माझी सवय अशी: क्लिपने तीन वेळा वाचायचं, दर वेळी क्लिप काढून परत लावायची, आणि तिन्ही फाइल्सचा एसएचए२५६ (फाइलचा ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो) काढायचा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी तिन्ही फेकून द्यायच्या आणि चिप डीसोल्डर करून बाहेर वाचायची. जुळले तरी हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट्स जसेच्या तसे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडून बघतो, कारण क्लिप नीट बसलीच नसेल तर तिन्ही वेळा नुसतं एफएफ एफएफ किंवा शून्यच शून्य येतं आणि तेही एकमेकांशी छान जुळतं. ऑलविनर एफ१सी१००एस प्रोसेसरवाला स्कोप असेल (फनिर्सी १०१३डीमध्ये हाच आहे) तर पहिल्या चार बाइट्सनंतर लगेच ईगॉन.बीटी० (eGON.BT0) ही अक्षरं उजवीकडच्या कॉलममध्ये दिसायला हवीत. ती नसतील तर पुढे जाऊच नका.

त्यातच अजून एक. तो काळा सीएच३४१ए मिळतो ना, त्याच्या बऱ्याच बोर्डांवर चिपचा सप्लाय ३.३ व्होल्ट असला तरी डेटा लाइन्सवर ५ व्होल्ट येतात. मल्टिमीटर लावून आधी बघा. चिप १.८ व्होल्टची निघाली तर अडॅप्टरशिवाय हात लावू नका, डेटाशीट उघडायला दोन मिनिटं लागतात.

रीड प्रोटेक्शन "काढून टाकणे"

हा माझा दुसरा नेहमीचा राग. डीएसओ१३८ सारख्या छोट्या किटमध्ये एसटीएम३२एफ१०३ हा मेन प्रोसेसर असतो, फर्मवेअर त्याच्याच आतल्या फ्लॅशमध्ये. लोक एसटी-लिंक (त्याचा प्रोग्रॅमर) जोडतात, सॉफ्टवेअर म्हणतं रीड प्रोटेक्शन (आतलं वाचू न देणारं कुलूप) चालू आहे, वाचता येणार नाही, आणि शेजारीच ते बंद करायचा ऑप्शन दिसतो. तो दाबला की प्रोटेक्शन खरंच जातं, पण त्याच क्षणी चिप स्वतःची सगळी फ्लॅश पुसते. हा बिघाड नाही, ती चिप बनवलीच तशी आहे, म्हणजे कुलूप तोडलं तर आतलं हाती लागू नये. व्हिडिओ दुप्पट स्पीडने बघणाऱ्यांचं नेमकं हेच वाक्य सुटतं. डीएलओ-१३८ सारखं ओपन सोर्स फर्मवेअर टाकायचं असेल तर खुशाल टाका, मस्त आहे, पण मूळ फर्मवेअर परत लागू शकतं असं वाटत असेल तर मूळ चिप काढून पाकिटात ठेवा आणि नवीन चिप बसवा. सोल्डरिंगचा कंटाळा हे कारण मला पटत नाही, किट तुम्हीच जोडलंय.

एसडी कार्डमधल्या फाइल्स कॉपी करणे

एफ१सी१००एस चालू झाल्यावर आधी एसडी कार्ड बघतो, कार्डाच्या सुरुवातीपासून ८ केबीवर बूट कोड मिळाला तर तोच चालवतो, नाही मिळाला तर एसपीआय फ्लॅशकडे (वर सांगितलेल्या आठ पायांच्या चिपकडे) जातो. ही जागा पार्टिशनच्या बाहेर असते त्यामुळे फाइल्स ड्रॅग करून कॉपी केल्या तर ती येतच नाही, अख्ख्या कार्डाची इमेज घ्या, डीडीने (लिनक्सची कमांड) किंवा जे वापरता त्याने. आणि विंडोज "फॉरमॅट करू का" विचारेल तेव्हा नाही म्हणा. याचा फायदा पण आहे, नवीन फर्मवेअर कार्डावरून चालवून बघता येतं, फ्लॅशला हात न लावता. सोय असताना सरळ फ्लॅशवर लिहायची घाई कशाला?

बाकीच्या पटापट:

मॉडेल नंबर सारखा म्हणजे बोर्ड सारखा असं नाही. अबाउट स्क्रीनचा आणि बोर्डावर छापलेल्या रिव्हिजनचा फोटो आधी काढा, फाइलच्या नावात तेच लिहा. "बॅकअप_फायनल_नवीन" या नावावरून सहा महिन्यांनी काहीही कळत नाही.

सिरियल कन्सोल (बोर्डाचे मेसेज पीसीवर बघायची जोडणी) जोडताना टीएक्स, आरएक्स, ग्राउंड एवढंच. व्हीसीसी म्हणजे सप्लायची तार जोडू नका.

बॅटरी अर्धी असताना अपडेट करू नका.

मेन्सवर चालणारा स्कोप उघडताना प्लग काढला तरी पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर चार्ज असतो, आधी मोजा मग हात घाला.

पांढरी स्क्रीन आली म्हणजे स्कोप मेला असं नाही, बऱ्याचदा डिस्प्ले कंट्रोलर वेगळा असतो आणि फर्मवेअर दुसऱ्यासाठी बनलेलं असतं. बटणांना, एलईडीला प्रतिसाद आहे का बघा.

आणि ऑलविनरवाला स्कोप पूर्ण काळा असेल तर घाबरून लगेच परत काहीतरी लिहायला जाऊ नका. कार्डावर आणि फ्लॅशवर दोन्हीकडे बूट कोड सापडला नाही तर प्रोसेसर आपोआप फेल (एफईएल) मोडमध्ये, म्हणजे यूएसबीवरून पीसीशी बोलायच्या मोडमध्ये जातो. कार्ड काढा, यूएसबी जोडा, पीसीवर एक्सफेल किंवा सनक्सी-फेल हे टूल चालवा, चिपचं नाव परत आलं तर प्रोसेसर ठीक आहे आणि तिथूनच फ्लॅश लिहिता येते. काहीच आलं नाही तर आधी केबल बदलून बघा, फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.