केबल कारचं तिकीट काढावं का? खिडकीपाशी जाण्याआधीचा हिशोब

मुंबईत शहरावरून जाणारी केबल कार नाही. शिवडी ते घारापुरी असा समुद्रावरचा सुमारे ८ किलोमीटरचा रोपवे मुंबई पोर्ट ट्रस्टने योजला होता, पण तो उभा राहिलेला नाही. त्यामुळे मुंबईकराची केबल कारशी गाठ पडते ती सुट्टीत. सिंगापूर, हाँगकाँग, लंडन, गुवाहाटी, गंगटोक, नाहीतर घराजवळचा रायगड. आणि निर्णय घ्यायचा असतो तिकीट खिडकीसमोर, जिथे मुलं हात ओढत असतात आणि मागे रांग वाढत असते. तिथे हिशोब सुचत नाही. तो आदल्या रात्री, हॉटेलच्या खोलीत करून ठेवावा.

पहिला प्रश्न दराचा नाही. ही केबल कार कशासाठी बांधली आहे, हे आधी बघायचं. काही ठिकाणी ती रोजची वाहतूक आहे. कोलंबियातल्या मेडेलिनची २००४ सालची मेट्रोकेबल किंवा बोलिव्हियातल्या ला पाझचं २०१४ पासूनचं केबल कारचं जाळं डोंगरउतारावरच्या वस्त्यांमधून लोक कामाला जातात म्हणून उभं राहिलं. न्यूयॉर्कची रूझवेल्ट आयलंड ट्राम १९७६ पासून चालते आणि तिचं भाडं तिथल्या सबवेइतकंच आहे. फ्रान्समधल्या तुलूझची २०२२ ची तीन किलोमीटरची केबल कारही शहराच्या नेहमीच्या तिकिटावर चालते. अशा ठिकाणी विचार करत बसू नये, सरळ बसावं. लोकलच्या भाड्यात आकाशातून फेरी मिळते आहे. फक्त ऑफिसची वेळ टाळावी. त्या वेळी ती जागा तिथल्या माणसांची आहे.

लंडनची केबल कार मात्र फसवी आहे. २०१२ साली थेम्सवर सुरू झालेली ही फेरी शहराच्या वाहतूक नकाशावर दिसते, कार्ड टॅप करून आत जाता येतं, पण तिचं भाडं ट्यूबपेक्षा (तिथल्या भुयारी रेल्वेपेक्षा) वेगळं आणि दिवसाच्या कमाल भाड्याच्या मर्यादेबाहेरचं असतं. दिसायला वाहतूक, आकारणी सहलीची. असा संशय आला की एकच तपासायचं: शहराचा दिवसभराचा पास तिथे चालतो का? चालत नसेल तर ती सहल समजून हिशोब करावा.

दुसरा प्रकार चढ वाचवणारा. रायगड, सप्तशृंगी. तिथे देखाव्याचा भाव काढू नये, पायऱ्यांचा काढावा. (सप्तशृंगीला २०१८ पासून चालते ती रुळांवरची फ्युनिक्युलर ट्रॉली, हवेतली नव्हे, उंचीची भीती असलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.) रायगडचा रोपवे १९९६ पासून चालतो. हिरकणीवाडीतून सुमारे ७५० मीटर दोरावरून सुमारे ४०० मीटर उंची चार-पाच मिनिटांत संपते. पायवाटेने गेलं तर दीड हजारांच्या घरात पायऱ्या. इथे घरात वाद होतो तो जाताना बसायचं की येताना. दम लागणाऱ्याने वर जाताना बसावं, कारण चढ छातीवर येतो. गुडघे दुखणाऱ्याने उतरताना बसावं, कारण प्रत्येक पायरी उतरताना शरीराचा भार वाकलेल्या गुडघ्यावर पडतो. दोन्ही असेल तर परतीचं तिकीट घ्यावं, तिथे काटकसर नको.

पण आजीला न्यायचं असेल तर आणखी एक गोष्ट: रोपवे चढ वाचवतो, चालणं वाचवत नाही. वरचं स्थानक मेणा दरवाज्याजवळ आहे. राजसदर, बाजारपेठ आणि पुढे जगदीश्वराचं मंदिर व महाराजांची समाधी, हे सगळं उघड्या माथ्यावर, उन्हात चालून बघायचं. "रोपवेने जाऊ म्हणजे काही त्रास नाही" असं सांगून आजीला नेलं आणि तिला राजसदरेपाशीच थांबावं लागलं, तर तिची निराशा मोठी असते. टोपी, पाणी आणि काठी खालूनच बरोबर घ्यावी.

तिसरा प्रकार निव्वळ देखाव्याचा, आणि खरा हिशोब इथेच लागतो.

आधी हवेतली मिनिटं काढा. जाहिरातीत अनुभव अर्ध्या दिवसाचा असतो, दोरावरची वेळ वेगळी. लांबी मीटरमध्ये घ्या आणि २५० ने भागा. गर्दी नसताना काही ठिकाणी दोर मुद्दाम हळू चालवतात, काही ठिकाणी मिनिटाला ३०० मीटर जातो, पण अंदाजाला २५० पुरतं. हाँगकाँगची न्गोंग पिंग ३६० ही ५.७ किलोमीटर, म्हणजे २३ मिनिटं. प्रत्यक्षात सुमारे २५ लागतात. गुवाहाटीची ब्रह्मपुत्रेवरची फेरी १.८ किलोमीटर, म्हणजे सात. प्रत्यक्षात आठच्या आसपास. आता कुटुंबाचं एकूण भाडं या मिनिटांनी भागा. समजा माणशी ७०० रुपये, चौघांचे २८००, हवेत १० मिनिटं: मिनिटाला २८० रुपये. हा आकडा घरातल्या सगळ्यांना मोठ्याने सांगावा. "केबल कार" म्हटल्यावर हो म्हणणारे लोक "मिनिटाला २८०" म्हटल्यावर जरा थांबून विचार करतात, आणि तेवढंच हवं आहे.

मग तुलना. हाच देखावा दुसरीकडून किती पैशात दिसतो? मुंबईकराला हे माप हातात आहे. मलबार हिलच्या झाडीतला ४८५ मीटरचा उन्नत मार्ग २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा भारतीयांसाठी २५ रुपये शुल्क होतं, आणि तिथून गिरगाव चौपाटी समोर पसरलेली दिसते. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचच्या वरच्या डेकवर थोडे जास्त पैसे दिले की तासभर वारा, बंदरात उभी जहाजं आणि मागे सरकणारा ताज. परक्या शहरातही असं काहीतरी असतंच. लंडनला ग्रीनिच पार्कच्या टेकडीवरून नदीचं वळण आणि पलीकडच्या उंच इमारती फुकट दिसतात. सिंगापूरला सेंटोसा बेटावर बोर्डवॉकवरून चालत जाता येतं.

तुलनेत केबल कार कधी जिंकते? जेव्हा दोराच्या वाटेवर असं काही असतं जिथे पाय ठेवून उभं राहताच येत नाही. न्गोंग पिंगला दोर खाडी ओलांडून निर्मनुष्य डोंगरांवरून जातो, बाजूला विमानतळाची धावपट्टी, आणि शेवटी झाडीतून वर येणारा बुद्धाचा पुतळा. त्या कोनातून हे दुसरीकडून दिसत नाही, पैसे वसूल. गुवाहाटीला ब्रह्मपुत्रेच्या मधोमध, उमानंद बेटाच्या आसपास, नदीची रुंदी कळते ती काठावरून कळत नाही. सिंगापूरला माउंट फेबरची जुनी, १९७४ ची लाइन बंदरावरून जाते, तिथे बसावं. २०१५ मध्ये आलेली सेंटोसा लाइन बेटाच्या आतच फिरते, वेळ किंवा पैसा कमी असेल तर ती सोडली तरी चालेल. उलट, टेकडीवर गाडी किंवा रिक्षा जाते, वर मोकळा कठडा आहे आणि केबल कार त्याच कठड्यापाशी सोडते, तिथे तुम्ही फक्त तीन मिनिटांच्या झोक्याचे पैसे देता. लहान मुलांसाठी तो झोकाच हवा असेल तर जरूर द्यावेत, पण देखाव्याच्या नावाखाली नकोत.

रांगेचं गणित

तिकिटापेक्षा दिवस जास्त खातं ते हे. केबल कार दोन तऱ्हेने चालतात, आणि रांगेत उभं राहण्याआधी वर बघून कुठली ते ओळखता येतं. एका तऱ्हेत दोनच डबे, नाहीतर डब्यांचे दोनच संच असतात. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, विहिरीच्या रहाटाला दोन बादल्या असाव्यात तसं. रायगड आणि गुवाहाटी अशा आहेत. इथे गर्दी कितीही वाढो, डबे वाढवता येत नाहीत. गुवाहाटीच्या डब्यात ३० प्रवासी मावतात आणि तासाला एका दिशेने साधारण २५० माणसं जातात. पुढे १८० माणसं दिसली तर पाऊण तास नक्की. शनिवार-रविवारी, डिसेंबरच्या सुट्टीत आणि ६ जूनच्या शिवराज्याभिषेकाच्या सुमारास रायगडला तासन्‌तास जातात ते याच कारणाने. उपाय एकच: मधला वार, आणि पहिल्या फेरीआधी हिरकणीवाडीत हजर. परतीची रांग वर वेगळी लागते. शेवटच्या तासात सगळे एकदम उतरायला येतात, म्हणून त्याआधी निघावं.

दुसऱ्या तऱ्हेत लहान केबिनची न संपणारी माळ असते. स्थानकात केबिन दोर सोडते, मुंगीच्या चालीने सरकते, माणसं चढली की पुन्हा दोर पकडते. इथे रांग लांब दिसली तरी भराभर पुढे जाते. घड्याळ लावून दोन केबिनमधलं अंतर मोजा. ३० सेकंदांनी ८ जणांची केबिन येत असेल तर तासाला ९६० माणसं. पुढे ३०० असतील तर वीस मिनिटं. अर्ध्या रिकाम्या केबिन जात असतील, म्हणजे प्रत्येक कुटुंब वेगळी मागत असेल, तर दुप्पट धरा.

आमचा ठोकताळा असा: हवेतल्या मिनिटांच्या चौपटीपेक्षा रांग जास्त असेल तर ती फेरी त्या दिवशी सोडावी. न्गोंग पिंगला यावरून तासाभराची रांग परवडते, चार मिनिटांच्या टेकडीवरच्या फेरीला पाव तासाच्या वर नाही. चढ वाचवणाऱ्या रोपवेला हा नियम लावू नये.

हवा, वेळ, काच

पाऊस केबल कारला फारसा थांबवत नाही, वारा आणि विजा थांबवतात. आडव्या वाऱ्याने केबिन झुलते, आधी वेग कमी करतात, मग बंद. केपटाउनला टेबल माउंटनवर वाऱ्यामुळे बंद राहणं नेहमीचं आहे. तिथे मुक्कामाच्या पहिल्याच मोकळ्या दिवशी जावं, शेवटच्या दिवसावर ठेवू नये. वार्षिक दुरुस्तीचे दिवसही अधिकृत संकेतस्थळावर बघावेत. ठरावीक तारखेचं ऑनलाइन तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी वाचा: वाऱ्याने बंद पडली तर पैसे परत की तारीख बदलून, आणि जाताना चालू व येताना बंद झाली तर खाली आणायची सोय कोणाची. न्गोंग पिंगहून तुंग चुंगला २३ क्रमांकाची बस आहे, म्हणून तिथे एकेरी तिकीटही बिनधास्त घेता येतं. लंडनलाही एकेरी पुरतं. दोन्ही टोकांना रेल्वे आहे.

रायगडला जुलैमध्ये डबा ढगात शिरला की काचेबाहेर पांढरं सोडून काही नसतं. देखाव्यासाठी ऑक्टोबर उत्तम: पावसाने धूळ धुतलेली, डोंगर अजून हिरवे. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गारवा असतो पण धूसरही असतं, दूरच्या रांगा पुसट दिसतात. कुठल्याही शहरात पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ मिळाली तर बाकीचा कार्यक्रम पुढे ढकलावा.

भर दुपारी बसू नये. बहुतेक लहान केबिनमध्ये एसी नसतो, झरोक्यांतून येणाऱ्या हवेवर भागवावं लागतं. डब्यात स्वच्छतागृह नाही, ते आधी उरकावं. पाण्याची बाटली आणि चार्ज केलेला फोन मात्र असू द्यावा. मधेच दोर थांबला तर घाबरू नये: स्थानकात कोणी व्हीलचेअर चढवत असेल तरी सगळ्या केबिन थांबतात, कारण सगळ्यांचा दोर एकच. मोठा बिघाड दुर्मीळ, पण झाला तर सुटका वेळखाऊ असते. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडच्या त्रिकूट डोंगरावर लोक चाळीस तासांहून जास्त अडकले, काहींचे जीव गेले. म्हणून दाराची कडी लागली का, क्षमतेच्या पाटीपेक्षा जास्त माणसं कोंबली जात आहेत का, हे बघावं. कोंबत असतील तर भाडं दिलेलं असलं तरी पुढच्या डब्याची वाट बघावी.

काचेच्या तळाच्या केबिनला जादा पैसे मागतात. पायाखाली झाडी, कडा किंवा होड्या जवळून दिसणार असतील तरच द्यावेत. नुसतं खोल पाणी असेल तर खाली एकसारखा करडा पत्रा दिसतो, आणि बुटांनी ओरखडलेल्या काचेतून तोही धड नाही. उंचीची धास्ती असलेल्याने साधी केबिन घ्यावी, मधे बसावं, खाली न बघता क्षितिजाकडे बघावं.

फोटोसाठी फोन काचेला पूर्ण टेकवून धरावा, नाहीतर आपल्याच शर्टाचं प्रतिबिंब येतं. गडद कपडे असतील तर आणखी बरं. आणि जागा निवडताना सगळे पुढच्या खिडकीकडे धावतात, तेव्हा वर जाताना मागच्या बाजूला बसावं. समोर फक्त डोंगराचा उतार असतो. दरी, नदी, शहर, जे बघायला पैसे दिले ते सगळं मागे उघडत जातं.