ख्रिस्ती-मुस्लिम संबंधांचा इतिहासकार होण्यासाठी: भाषेपासून नोकरीपर्यंत

इस्लामचा आणि ख्रिस्ती-मुस्लिम संबंधांचा इतिहास हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक निर्णय करावा लागतो. दोन्ही बाजूंचे लेखन मूळ भाषेत वाचण्याची तयारी करायची, की एका बाजूचे मूळ आणि दुसरीचे इंग्रजी भाषांतर यांवर भागवायचे? दुसरा मार्ग सोपा आहे आणि एम.ए.पर्यंत तो खपूनही जातो, परंतु पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत आणि त्यानंतर प्रत्येक शोधनिबंधाच्या परीक्षणात तो उघडा पडतो. कारण या क्षेत्रात एका समाजाचे लेखन अनेकदा दुसऱ्या समाजाच्या ग्रंथांतच टिकून राहिले आहे. नवव्या शतकातील अबू ईसा अल-वर्राक या विचारवंताने त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) ख्रिस्ती सिद्धान्तावर केलेली सविस्तर टीका आज आपल्याला वाचता येते, ती बगदादमधील ख्रिस्ती तत्त्वज्ञ याह्या इब्न अदी याने दहाव्या शतकात तिचे खंडन करताना तिचे उतारे आपल्या ग्रंथात घेतले म्हणून. डेव्हिड थॉमस यांनी कारकिर्दीच्या आरंभी हीच टीका संपादित करून तिचे इंग्रजी भाषांतर केले. पुढे ते बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि सातव्या शतकापासून दोन्ही धर्मीयांनी एकमेकांविषयी केलेल्या लेखनाची बहुखंडी ग्रंथसूची २००९पासून त्यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध होऊ लागली. आधी एक ग्रंथ तळापर्यंत वाचायचा आणि मग आवाका वाढवायचा, हा क्रम नव्या अभ्यासकानेही उलटा करू नये.

भाषांची निवड काळावरून ठरते. अब्बासी खलिफांच्या (आठवे ते तेरावे शतक) काळासाठी अरबीबरोबर सिरियाक, म्हणजे पूर्वेकडील ख्रिस्ती समाजांची जुनी धर्मभाषा, लागते, स्पेन व धर्मयुद्धांच्या काळासाठी अरबी आणि लॅटिन, मोगल दरबारासाठी फारसी आणि पोर्तुगीज, तर एकोणिसाव्या शतकातील उत्तर भारतासाठी उर्दू, फारसी आणि इंग्रजी. तरीही अरबीला पर्याय नाही, कारण फारसी व उर्दू ग्रंथांतील धर्मशास्त्रीय परिभाषा अरबीच असते. वर्तमानपत्री अरबी शिकवणारा अभ्यासक्रम सुरुवातीला बरा असला, तरी त्याने मध्ययुगीन वादग्रंथ उलगडत नाहीत. विद्यापीठातील वर्गाच्या जोडीला मदरशात शिकलेल्या एखाद्या मौलवींकडे सर्फ आणि नह्व, म्हणजे शब्दसिद्धी आणि वाक्यरचना, जुन्या पद्धतीने पक्के करून घेता आले तर जरूर घ्यावे. माझ्या मते या शिक्षणाची सर कोणत्याही उन्हाळी शिबिराला येत नाही. मुंबई विद्यापीठात अरबी व फारसी शिकता येतात, शिवाय दिल्ली, अलीगढ आणि हैदराबाद येथील केंद्रीय विद्यापीठे आहेतच. सिरियाकसाठी युरोप गाठण्याची गरज नाही, कारण केरळातील सिरियन ख्रिस्ती परंपरेमुळे कोट्टायम येथील सेंट एफ्रेम संशोधन संस्थेत ती भाषा रीतसर शिकवली जाते.

विषय निवडताना साधने हाताच्या अंतरावर आहेत ना, हे आधी पाहावे. मराठी विद्यार्थ्याला मी निःसंकोचपणे गोवा आणि मोगल दरबार यांच्या संबंधांकडे वळायला सांगेन. अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघालेले जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंचे पहिले मंडळ १५८०मध्ये फतेहपूर सिक्रीला पोहोचले. त्यात रुदोल्फ आक्वाविवा आणि आंतोनियो मोन्सेरात यांच्याबरोबर फारसी जाणणारे फ्रान्सिस्को हेन्रिकेस होते. दुभाष्यामार्फत चाललेल्या धर्मचर्चेत कोणाचे शब्द कोणाच्या तोंडी गेले, हा प्रश्न अजून बराच मोकळा आहे. आक्वाविवा परतल्यावर १५८३मध्ये कुंकळ्ळी येथे मारले गेले. मात्र संशोधनाला खरा वाव आहे तो १५९५मध्ये दरबारात दाखल झालेल्या तिसऱ्या मंडळात. त्याचे प्रमुख जेरोम झेवियर यांनी अब्दुस सत्तार लाहोरी यांच्या साहाय्याने फारसीत ग्रंथरचना केली आणि १६०२मध्ये येशूचे चरित्र अकबराला सादर केले. त्यांच्या वादग्रंथाला पुढे इराणातील सय्यद अहमद अलवी यांनी फारसीतूनच उत्तर दिले. म्हणजे प्रश्न आणि प्रत्युत्तर दोन्ही एकाच भाषेत उपलब्ध आहेत. शिवाय या मंडळांच्या पत्रव्यवहाराची पोर्तुगीज बाजू पणजी व लिस्बनमधील दप्तरखान्यांत आणि रोममधील जेझुइट दप्तरांत सापडते. पोर्तुगीज शिकण्याची सोय गोव्यात आहे आणि पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राचे ग्रंथालय तेथून जवळच आहे. दख्खनच्या इतिहासातून येणाऱ्यांनी झैनुद्दीन मखदूम यांचा पोर्तुगीजांविरुद्ध जिहादाचे आवाहन करणारा सोळाव्या शतकातील अरबी ग्रंथही पाहावा. तो मलबारात लिहिला गेला, पण अर्पण केला आहे विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला.

ज्यांना आधुनिक काळ हवा आहे त्यांच्यासाठी आग्र्याचा १८५४चा जाहीर वाद आहे. जर्मन मिशनरी कार्ल फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यातील या वादात बायबलच्या संहितेत फेरफार झाले की नाहीत, हा कळीचा मुद्दा होता. कैरानवींचे सहकारी डॉ. वझीर खान यांनी युरोपीय बायबल-समीक्षकांचे ग्रंथ पुढे केल्यामुळे मिशनरी पक्षाची अडचण झाली. या विषयावर इंग्रजीत चांगले काम आधीच झालेले आहे, त्यामुळे नवे उर्दू साहित्य हाती असल्याशिवाय त्यात उतरू नये.

वाचन कसे करावे, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. पूर्वेकडील चर्च या इराक-इराणमधील प्राचीन ख्रिस्ती पंथाचे प्रमुख पहिले तिमोथी आणि खलिफा अल-महदी यांच्यात इ.स. ७८०च्या सुमारास बगदादमध्ये झालेला संवाद प्रसिद्ध आहे. मुहंमदांविषयी काय वाटते, या खलिफाच्या प्रश्नावर तिमोथींनी मुहंमद पूर्वीच्या पैगंबरांच्या मार्गाने चालले, असे उत्तर दिल्याचे त्यात येते. हे वाक्य आंतरधर्मीय परिषदांमध्ये हमखास उद्धृत होते. परंतु हा वृत्तान्त स्वतः तिमोथींनी सिरियाकमध्ये लिहिलेल्या पत्राच्या रूपाने आपल्याकडे आला आहे, त्यामुळे खलिफाचे प्रश्नही तिमोथींच्याच लेखणीतून उतरले आहेत. पत्र ख्रिस्ती वाचकासाठी होते. तिमोथींनी पैगंबरांच्या मार्गाने चालण्याचा उल्लेख केला, पण मुहंमदांचे पैगंबरत्व मान्य केले नाही. पुढे अरबीत आलेल्या पाठांत मजकूर कसा बदलला, हेही तपासावे लागते. कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, मूळ कोणत्या भाषेत होते आणि आपल्यापर्यंत कोणत्या हस्तलिखितातून आले, या चार प्रश्नांची उत्तरे टिपणवहीत लिहिल्याशिवाय एकही उतारा प्रबंधात घेऊ नये. सौहार्द किंवा संघर्ष यांपैकी एखादा शब्द शीर्षकात आधी ठरवून मग पुरावे गोळा करणारे प्रबंध बरेच दिसतात. ते वाचायला कंटाळवाणे असतात, कारण त्यांचे उत्तर पहिल्याच पानावर कळलेले असते.

धर्मशास्त्राचाही अभ्यास करावा लागतो, आणि इतिहास विभागातून आलेले विद्यार्थी नेमके तेच टाळतात. तौहीद (ईश्वराचे एकत्व), तहरीफ (धर्मग्रंथात फेरफार झाल्याचा आरोप), त्रैक्य आणि देहधारण (देवाने येशूच्या रूपाने मानव होणे) या संकल्पना परंपरेच्या आतून समजल्या नाहीत, तर वादग्रंथ केवळ भांडणासारखे वाटू लागतात. या क्षेत्रातील अनेक मोठी नावे धर्मगुरूंची आहेत: एडिंबरातील मॉन्टगोमेरी वॉट अँग्लिकन होते, तर वॉशिंग्टनमधील कॅथलिक विद्यापीठातील सिडनी ग्रिफिथ कॅथलिक आहेत. आपल्याकडील हिंदू, बौद्ध किंवा निधर्मी अभ्यासकाला ही पार्श्वभूमी नसते. ती नसल्याचा तोटा वाचनाने भरून काढता येतो. आपला कोणताच पक्ष नाही, म्हणून आपण आपोआप निःपक्षपाती आहोत, हा समज मात्र अधिक धोकादायक आहे. मुलाखतीत तुमच्या श्रद्धेविषयी सूचक प्रश्न आला, तर एका वाक्यात खरे उत्तर देऊन चर्चा साधनांकडे वळवावी.

भारतात अध्यापनासाठी नेट द्यायची झाल्यास इतिहास किंवा अरब संस्कृती व इस्लामिक अध्ययन यांपैकी विषय निवडता येतो. महाविद्यालयांत इतिहासाच्या जागा तुलनेने अधिक असल्याने, दुसऱ्या विषयाची ओढ असली तरी इतिहासाची पदवी हाताशी ठेवणे शहाणपणाचे. परदेशी जायचे असल्यास विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शकाच्या भाषा पाहाव्यात. बर्मिंगहॅमला मिंगाना हस्तलिखित संग्रह आहे, रोममध्ये अरबी व इस्लाम अध्ययनाची पोपच्या अखत्यारीतील संस्था आहे, तर अमेरिकेतील हार्टफर्ड येथे या विषयाची जुनी परंपरा आहे. हार्टफर्डशी जोडलेले नियतकालिक १९११मध्ये मिशनरी कार्यासाठी सुरू झाले आणि पुढे विद्वत्तेचे व्यासपीठ झाले. त्याचे जुने अंक चाळले की या विद्याशाखेचा स्वभाव कसा बदलत गेला ते कळते. हैदराबादच्या हेन्री मार्टिन संस्थेचा प्रवासही काहीसा असाच आहे: १९३०मध्ये लाहोरला मिशनरी हेतूने स्थापन झालेली ही संस्था आज आंतरधर्मीय सलोख्याचे काम करते.

प्रबंधासाठी एकच अप्रकाशित किंवा नीट संपादित न झालेला ग्रंथ निवडून त्याचे संपादन, भाषांतर आणि विवेचन करणे हा मार्ग संथ असला तरी भरवशाचा आहे. पहिले दोन लेख त्यातूनच निघावेत, आणि ते बर्मिंगहॅमहून १९९०पासून निघणाऱ्या किंवा रोममधून १९७५पासून निघणाऱ्या या विषयाच्या नियतकालिकांकडे पाठवावेत. ग्रंथाची घाई करू नये. ग्रिफिथ यांची डॉक्टरेट १९७७ची आहे, आणि इस्लामी जगातील ख्रिस्ती समाजांविषयीचे त्यांचे सर्वांत परिचित पुस्तक २००८मध्ये आले. मधली तीन दशके मुख्यतः लेखांची आणि सिरियाक-अरबी ग्रंथांच्या अभ्यासाची आहेत. नोकरीच्या अर्जासोबत मात्र एवढ्याने भागत नाही. निवड समितीला इस्लामचा सर्वसाधारण इतिहास, मध्ययुगीन भारत आणि जागतिक धर्म यांपैकी किमान दोन अभ्यासक्रम शिकवू शकणारा उमेदवार हवा असतो. म्हणून त्या अभ्यासक्रमांचे आराखडे, प्रत्येक आठवड्याच्या वाचनासह, प्रबंध सादर करण्यापूर्वीच तयार ठेवावेत.